एका नाण्यावरचे दोन राजे

#थ्रेड

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड निधी सापडला. नाणी १३ हजारांहून अधिक, मूळची सारी क्षहरात राजा नहपानाची. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस त्याचे मस्तक आणि भोवती ग्रीक लिपीतील लेख, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. गौतमीपुत्राने त्यावर तीन कमानींचा पर्वत आणि उज्जैन चिन्ह उमटवले. जेमतेम दीड सेंटिमीटरच्या त्या चकतीवरून पराभूत राजा मात्र पुरता पुसला गेला नाही. कुठे नाक उरले, कुठे केसांची बट, कुठे एखाददुसरे अक्षर. कोणी कोणाला जिंकले, हे सांगणारा पुरावा तोच.

हा पुरावा छायाचित्रात उतरणे सर्वस्वी प्रकाशाच्या दिशेवर अवलंबून असते. समोरून फ्लॅश पडला की चांदी चकाकते आणि त्या उथळ रेषा नाहीशा होतात. उरतो एकटा विजेता. दिवा बाजूस, नाण्याच्या पातळीपासून थोडाच वर ठेवला, की प्रत्येक उठावाची सावली पडते आणि खालचा राजा वर येतो.

धातूच्या या चकाकीवर जुन्या अभ्यासकांचा उपाय मोठा युक्तीचा होता. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या नाणेसूचींतील चित्रे प्रत्यक्ष नाण्यांची नसत. नाण्यांवरून घेतलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृतींची असत. पांढरे, निस्तेज प्लास्टर उठाव स्वच्छ दाखवते. धातूचा रंग मात्र त्यात हरवतो.

आज ऑनलाइन विक्रेत्याच्या मोबाइलने तो रंग परत आणला. पण गिऱ्हाईक भुलावे म्हणून नाणे घासून लखलखीत करण्याचा मोहही बळावला. घासलेल्या नाण्यावर नहपानाची बट शोधणे व्यर्थ.

१८७८ च्या कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. जे कळवले जात नाही, ते सुटे होऊन विकले जाते. कोणते नाणे कोणत्या नाण्यासोबत पुरले होते, ही माहिती तेव्हाच संपते. मागे राहते ते विक्रीसाठी काढलेले छायाचित्र: न घासलेल्या नाण्याच्या दोन्ही बाजू, तिरपा उजेड, शेजारी मोजपट्टी आणि खाली ग्रॅममध्ये वजन. इतके असले, तर नाणे कोणाच्या तिजोरीत गेले तरी त्यावरचे दोन्ही राजे वाचता येतात.