साखरेची कणीक आणि हातांचा हिशेब

हल्ली वाढदिवसाच्या केकवर पोळीसारखं लाटून पसरलेलं गुळगुळीत साखरेचं आवरण दिसतं. त्यावर साखरेचीच फुलं, बाहुल्या, मोटारी बसवलेल्या असतात. हे फॉन्डंट. आपल्यापैकी कितीतरी जणी आता घरी केक करून विकतात आणि तयार पाकीट महाग पडतं म्हणून फॉन्डंटही घरीच मळतात. ही काल-परवाची फॅशन वाटते खरी, पण साखरेची कणीक घरात मळण्याची रीत चारशे वर्षांहून जुनी आहे. आज आपण तिचा इतिहास पाहू. पाहता पाहता एक हिशेबही मांडू, की या कामात साखरेचं मोल किती होतं आणि हातांचं किती.

१५९७ साली इंग्लंडमध्ये टॉमस डॉसन यांच्या 'द गुड हसवाइफ्स ज्युवेल' या गृहिणींसाठीच्या पुस्तकाचा दुसरा भाग छापला गेला. त्यात साखरेच्या कणकेची कृती आहे. ट्रॅगकँथ नावाचा डिंक गुलाबपाण्यात मऊ होईपर्यंत भिजवायचा. चार औंस, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम साखरेला घेवड्याच्या दाण्याएवढा डिंक, थोडा लिंबाचा रस आणि जरासा अंड्यातला पांढरा भाग घ्यायचा. खलात कुटून गोळा झाला की त्याच्या ताटल्या, वाट्या, पेले, फळं घडवायची. मेजवानी संपली की पाहुण्यांनी ती भांडीच मोडून खायची! हा डिंक इराण-तुर्कस्तानकडच्या काटेरी झुडपांचा. आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो तो गोंद कतिराही असाच भिजवला की फुगतो.

त्या काळी साखर परदेशातून यायची आणि ती फक्त श्रीमंतांना परवडायची. ती आजच्यासारखी दळलेली मिळत नसे. शंकूच्या आकाराची कडक ढेप असे. ती फोडायची, कुटायची, चाळायची. हे काम घरातल्या नोकरांचं. टेबलावर मिरवायची ती यजमानाची साखर. कुटणाऱ्या हातांचं नाव कुठे लिहिलेलं नसे.

पुढे साखर स्वस्त झाली, ती कशी हे विसरून चालणार नाही. सतराव्या शतकापासून बार्बाडोस, जमैका अशा कॅरिबियन बेटांवर उसाचे मळे वाढले आणि तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबवली गेली. हातांची किंमत शून्य धरली, म्हणून साखर उतरली. १७९१ साली ब्रिटिश संसदेनं गुलामांचा व्यापार थांबवण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा तिथल्या हजारो कुटुंबांनी ही साखर घेणंच सोडलं. घरात काय आणायचं हे बायका ठरवत होत्या, म्हणून या बहिष्काराची खरी ताकद त्यांच्या हातात होती. १८२५ साली बर्मिंगहॅममध्ये बायकांनी आपली संस्था काढली आणि दारोदार जाऊन हीच गोष्ट सांगितली. 'ही साखर हिंदुस्थानातली आहे, गुलामांनी केलेली नाही' अशा अर्थाचा मजकूर लिहिलेली साखरेची भांडीही तेव्हा विकली जात. गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला.

याच शतकात केकची सजावट मोठ्या दुकानांतल्या कारागिरांकडे गेली. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंचा होता. अंड्यातला पांढरा भाग आणि साखर फेटून केलेलं आवरण पुढे 'रॉयल आयसिंग' म्हणून ओळखलं गेलं. ते वाळलं की दगडासारखं घट्ट होतं. दुसऱ्या महायुद्धात मात्र साखरेची चणचण झाली. १९४० साली ब्रिटनमध्ये केकवर आयसिंग लावून विकायला बंदी आली. लग्नात छोट्या केकवर पुठ्ठ्याचं नक्षीदार टोपण ठेवून लोक वेळ साजरी करत.

'फॉन्डंट' हा शब्द फ्रेंच, त्याचा अर्थ वितळणारं. मूळ फॉन्डंट म्हणजे गोळीबंद पाक थंड करून घोटत राहिल्यावर होणारा पांढरा मऊ गोळा. आपण केकवर लाटून घालतो ते त्याचं धाकटं भावंड. विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात ते रुळलं आणि १९८० नंतर ब्रिटनमध्येही घरोघरी पोचलं. कणीक दुकानातून पुन्हा घरात आली ती अशी.

घरची कृती सोपी आहे. एक मोठा चमचा जिलेटिन पाव कप गार पाण्यात भिजवा आणि गरम पाण्यावर भांडं धरून विरघळवा. त्यात अर्धा कप लिक्विड ग्लुकोज आणि एक मोठा चमचा खाण्याचं ग्लिसरीन मिसळा. मग साधारण ९०० ग्रॅम आयसिंग शुगर थोडी थोडी घालत मळा. डॉसनच्या कृतीत डिंक करायचा ते काम इथे जिलेटिन करतं, आणि ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. गोळा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. जिलेटिन प्राण्यांपासून होतं, तेव्हा शाकाहारी गिऱ्हाइकाला ते आधी सांगा. पावसाळ्यात फॉन्डंटला पाणी सुटतं, म्हणून फुलं एक-दोन दिवस आधी करून वाळवा.

आता हिशेब. आज या कणकेत सगळ्यात स्वस्त वस्तू आहे साखर. महाग आहेत ते मळणारे, लाटणारे, एकेक पाकळी कोरणारे हात. संक्रांतीला हलव्याचे दागिने करणाऱ्या बायका हे जाणतात. मंद आचेवर तासन्‌तास पाक घालत हलव्याला काटा आणायचा, मग तो ओवायचा, आणि गिऱ्हाईक विचारतं, "साखरच तर आहे, एवढे पैसे कसले?"

म्हणून केकचा भाव ठरवताना वहीत तीन ओळी लिहा : सामानाचे पैसे, गॅस-विजेचे पैसे आणि आपले तास. तिसरी ओळ कोरी सोडू नका. तासाला किती लावायचे, हे चार जणी एकत्र बसून ठरवा, म्हणजे एकीनं भाव पाडला म्हणून दुसरीला पाडावा लागणार नाही.