ध्रुवाची जागा कोणी ठरवली?

ध्रुव म्हणजे अढळ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते, त्याचे टोक भूपृष्ठावर एका जागी राहत नाही; काही मीटरांच्या आवारात ते सतत हिंडत असते. हे डुलणे ३०५ दिवसांचे असावे, असे गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडले. प्रत्यक्षात ते सुमारे ४२७ दिवसांचे निघाले. १८९१ साली हे दाखवणारा चँडलर पोटासाठी विम्याची आकडेमोड करीत असे!

मग १८९९ मध्ये एकाच अक्षांशावर, ३९ अंश ८ कलांवर, सहा ठाणी बसली: जपानात मिझुसावा, तुर्कस्तानच्या मुलखात चार्जुई, इटलीत कार्लोफोर्ते आणि अमेरिकेत तीन. अक्षांश एक, म्हणून तारेही तेच. ताऱ्यांच्या यादीतील चुका परस्पर वजा होत. रात्रपाळी मात्र माणसालाच करावी लागे.

मिझुसावाचे आकडे इतरांशी जुळेनात. पॉट्सडॅमच्या मध्यवर्ती कचेरीने तेथील कामाविषयी शंका घेतली. माल बिघडला की पहिले बोट कामगाराकडे वळते, हे आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना नवे नाही. किमुराने आपले यंत्र तपासले. दोष सापडला नाही. तेव्हा त्याने सर्वच ठाण्यांचे आकडे पुन्हा मांडले. १९०२ साली त्याने दाखवून दिले की, सूत्रातच सर्वांना समान असे एक पद कमी आहे. ते घालताच सर्वांचे हिशेब अधिक जुळले, मिझुसावाचेही. त्या पदाचे कारण १९७० साली वाको याने उलगडले: पृथ्वी सगळी घट्ट आहे असे गणितात धरले होते, आणि तिचा गाभा तर द्रवरूप!

पुढे १९६७ मध्ये, १९०० ते १९०५ या वर्षांतील पाच ठाण्यांच्या सरासरीवरून ध्रुवाचे मूळस्थान मान्य झाले. २००० साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने नवी व्याख्या केली. ती २००३ पासून अमलात आली. तिच्यानुसार आकाशाच्या चौकटीत दोन दिवसांहून दीर्घ काळाची आंदोलने ध्रुवाच्या आकाशातील गतीत धरतात, उरलेली भूपृष्ठावरील गतीत.

म्हणजे ज्या ध्रुवावरून आज मोजमाप चालते, तो निसर्गाने रोवलेला खुंटा नव्हे. आस निसर्गाचा, त्याची खूण कोठे करायची, तो माणसांचा करार. आणि करार म्हटला की तो रोज पाळावा लागतो, चुकले तर दुरुस्त करावा लागतो. म्हणून आम्हांस वाटते, ध्रुवाइतकेच अढळपद रात्र रात्र दुर्बिणीशी बसून प्रामाणिक आकडा लिहिणाऱ्यालाही द्यावे.