टोपी, लोकरी (वेणी व जाळीची)
सुयांवर लोकरीचे टाके गुंफून केलेले, कान झाकणारे शिरोवस्त्र [→ विणकाम]. वेणीची नक्षी आयर्लंडच्या ॲरन बेटांवर, तर जाळीची स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर विशेष विकसित झाली. टोपी सहसा काठापासून सुलट-उलट टाक्यांनी विणतात. वेणीसाठी काही टाके जादा सुईवर घेऊन पुढे वा मागे धरतात आणि त्यांचा क्रम बदलून विणतात. जाळीत सुईवर धाग्याचा वेढा घेऊन छिद्र पाडतात व दोन टाके एकत्र विणून टाक्यांची संख्या कायम राखतात. वेणीने वीण आवळते, जाळीने सैलावते. त्यामुळे आधी नमुना विणून माप घेणे आवश्यक ठरते. नक्षीची निवड हवामानानुसारही करतात; उदा., हैदराबादचा हिवाळा सौम्य असल्याने तेथे हलकी, जाळीदार टोपी पुरते. दख्खनी मेंढीची लोकर भरड असून ती घोंगड्यांसाठी वापरतात [→ घोंगडी]. म्हणून टोपीसाठी मऊ मेरिनो लोकर किंवा ॲक्रिलिक धागा सोयीचा.