घरमुक्काम, परदेशी पाहुण्यांचा : रायगड किनारा

परदेशी प्रवाशाला राहत्या घरी उतरवून घेणे, घरात जे शिजेल ते त्याच्यासोबत जेवणे आणि एकमेकांची रीतभात, भाषा, कामधंदा जवळून पाहणे, असा हा रिवाज. येथे त्याचा विचार रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यापुरता केला आहे. उत्तरेला उरण-मांडव्यापासून दक्षिणेला सावित्रीच्या मुखाशी असलेल्या बाणकोट खाडीपर्यंत हा किनारा पसरला आहे. 1981 पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. किहीम, वरसोली, आक्षी, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या गावांत ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशा पाट्या घराघरावर दिसतात. या घरांत उतरणारे बहुतेक लोक मुंबई-पुण्याचे असतात आणि परदेशी माणूस क्वचितच येतो. तरीही परक्या मुलखातल्या माणसाला जागा देण्याची इथली परंपरा या पाट्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

तिचे मूळ चौल बंदरात सापडते. अरब लेखक या बंदराला सैमूर म्हणत. अल्-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916–17 च्या सुमारास, इथे आला होता. शिलाहारांच्या राज्यातल्या या गावात सुमारे 10,000 मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले व्यापारी होते, तसेच इथेच जन्मलेली त्यांची मुलेबाळेही होती. त्यांचे तंटे मिटवण्यासाठी राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमत असे. चार महिने वाऱ्याची वाट पाहत थांबलेला व्यापारी पुढे कायमचा इथलाच होई. पाहुणा आणि रहिवासी यांच्यातली रेघ या किनाऱ्यावर पूर्वीपासूनच पुसट होती, हे यावरून कळते.

घरातल्या पाहुणचाराची इथली सर्वांत बोलकी कथा बेने इस्रायल या ज्यू समाजाची आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, असे हा समाज परंपरेने मानतो. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू त्यांच्याकडे आला. त्याचा काळ कुणी इ.स. 1000 च्या आसपासचा सांगतात, तर कुणी थेट अठराव्या शतकातला. परंपरेनुसार त्याने घरच्या बायकांसमोर निरनिराळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी घेतली आणि बाकीची बाजूला सारली. हा तोरा या ज्यू धर्मग्रंथातला नियम असल्याने त्याने आपली माणसे ओळखली. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. पण पोथी नसलेल्या समाजाची ओळख स्वयंपाकघरात टिकली होती आणि ती एका पाहुण्याला चुलीपाशीच पटली, ही तिच्यातली जाण खोल आहे.

रशियातल्या त्वेर नगरीचा व्यापारी अफनासी निकितीन 1469 ते 1471 च्या दरम्यान चौलला उतरला. आपण जिकडे जाऊ तिकडे गोऱ्या माणसाला पाहायला लोक मागे लागतात, असे त्याने लिहिले आहे. चौलहून तो जुन्नरला गेला, पावसाळा तिथे काढला आणि पुढे बिदरला पोचला. तिथल्या हिंदूंशी त्याची ओळख वाढली आणि आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, असे त्याने त्यांना सांगितले. त्यानंतर त्या लोकांनी आपले जेवण, व्यापार, पूजा यांतले काही त्याच्यापासून लपवले नाही आणि घरातल्या बायकांनाही आडोशाला ठेवले नाही, अशी नोंद तो करतो. परक्याबरोबर ते एका पंगतीला बसत नाहीत, हेही तो तितक्याच सरळपणे सांगतो. विश्वास मिळूनही पंगत वेगळी राहणे, ही त्या काळच्या पाहुणचाराची मर्यादा होती. निकितीनवर ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट 1957 मध्ये आला. चौलजवळच्या रेवदंड्यात निकितीनच्या स्मरणार्थ काळा स्तंभ उभा आहे.

आज ती मर्यादा कुठे आहे, हे घराच्या रचनेवरून समजते. जुने कोकणी घर पायरीपायरीने उघडते : अंगण, ओटी, माजघर, मग स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराने विहीर व नारळी-पोफळीची वाडी. पूर्वी आल्यागेल्याची बोळवण ओटीवरच होई. आता परदेशी पाहुणा माजघरात जेवतो आणि हवे असेल तर विळीवर बसून नारळ खवून पाहतो. घरातली बाई त्याला घावन उलटायला देते. पहिले दोन फाटतात, तिसरे जमते, आणि तोवर घरची मुले इंग्रजीतून बोलायला धजावलेली असतात. बैठक ओटीवरून स्वयंपाकघरात सरकली की देवघेव खऱ्या अर्थाने सुरू होते. कोळीवाड्यात उतरलेल्याला हाच अनुभव पहाटे बंदरावर येतो. मासळी उतरवणे, लिलाव, वलांडीवर बोंबील टांगणे ही कामे कुणासाठी थांबत नाहीत. जो हात लावील तो त्यांत घेतला जातो.

थंडीच्या दिवसांत अलिबाग परिसरात परदेशी पाहुण्याला हमखास दाखवली जाते ती पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि सामिष खाणाऱ्यांकडे मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी रचतात, आणि तोंड पुन्हा त्याच पाल्याने गच्च बंद करतात. मडके शेतात पालथे ठेवून भोवती पेंढा आणि लाकूडफाटा पेटवतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. सगळे शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर शिजते. झाले की नाही हे पाहायला मडक्यावर पाणी शिंपडतात आणि चर्र आवाज आला की ते उघडतात. वर्तमानपत्रावर ओतलेल्या त्या ढिगाभोवती घरचे, शेजारचे आणि पाहुणे एकत्र बसून खातात. निकितीनने पाहिलेली वेगळी पंगत इथे उरत नाही. संस्कृतीच्या ओळखीसाठी आखलेल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा या तासाभरात अधिक साधते, असे म्हणायला हरकत नाही.

येणाऱ्या परदेशी पाहुण्यांतला एक वर्ग तर मराठीच बोलतो. 1948 नंतर बेने इस्रायल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी त्यांची आडनावे गावांवरूनच पडलेली आहेत. त्यामुळे त्यांची मुले-नातवंडे परत येतात ती आडनावाचे गाव शोधत. अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आबोथ सिनेगॉग आणि जवळच्या खंडाळे गावातला एलियाहू हनावीचा टापा ही त्यांची ठरलेली ठिकाणे. टाप्यावरच्या खुणा प्रेषित एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्याच्या आहेत अशी श्रद्धा आहे. तिथे पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात. जुन्या शेजाऱ्यांच्या घरी ही मंडळी जेवायला थांबतात तेव्हा आजी मराठीत बोलते आणि हिब्रूत वाढलेल्या नातवाला अर्थ सांगत राहते. पासपोर्टाने परदेशी असलेली ही माणसे घरच्यांना माहेरवाशिणीसारखी वाटतात. पाहुणचाराच्या कोणत्याही सरकारी व्याख्येत हे नाते बसत नाही आणि या किनाऱ्याचे वेगळेपण नेमके तिथेच आहे.

कोर्लईचे उदाहरण वेगळे आहे. पोर्तुगीजांनी 1740 मध्ये चौल सोडले. मात्र खाडीपलीकडच्या कोर्लई गावातला ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली भाषा बोलतो. ते तिला ‘नोलिंग’ म्हणतात, आणि तिचे भाषक हजाराच्या आतबाहेर आहेत. तिच्या शोधात परदेशी अभ्यासक इथे येऊ लागले. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचे या भाषेवरचे पुस्तक 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. बोली टिपायची तर घरांत बसावे लागते, लहान मुलांशी आणि म्हाताऱ्यांशी बोलावे लागते. इथे शिकवणारा यजमान आहे आणि शिकणारा पाहुणा आहे.

पैसे न घेता घरी ठेवून घेणाऱ्या जगभरच्या जाळ्यांत सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे सर्व्हास ही संस्था. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 मध्ये, डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शांतताकार्य म्हणून सुरू केली. त्यामागे गांधीविचारांची प्रेरणा होती. प्रवाशाची आधी मुलाखत घेतात, त्याला परिचयपत्र देतात आणि मुक्काम साधारण दोन रात्रींचा ठेवतात. भारतातही तिचे यजमान आहेत. 2004 मध्ये सुरू झालेल्या काउचसर्फिंगने हीच कल्पना इंटरनेटवर आणली, पण 2020 पासून तिथे सदस्यत्वाला पैसे पडू लागले. रोटरीच्या युवा विनिमयात शाळकरी वयाचा परदेशी विद्यार्थी अनेक महिने यजमान कुटुंबांत राहतो. पुणे आणि रायगड जिल्हे रोटरीच्या 3131 या एकाच प्रांतात येतात.

पैसे घेऊन ठेवण्याला सरकारी चौकट आहे. महाराष्ट्र सरकारची ‘निवास व न्याहारी’ योजना आणि केंद्र सरकारची याच धर्तीची योजना, दोन्हींचा गाभा घरगुती मुक्काम हाच आहे. केंद्राच्या योजनेत घरमालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे, अशी अट आहे. ती फार मोलाची आहे, कारण किनाऱ्यावर कल उलट दिशेला आहे. वाडीच्या मागच्या अंगाला स्वतंत्र खोल्या, मग कॉटेज, मग पोहण्याचा तलाव, आणि जेवण आणून देणारा नोकर. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि नागावपासून दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळी हजारोंनी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षे लागतात, तर खोली काही महिन्यांत बांधून होते. त्यामुळे मोकळ्या झालेल्या वाडीत बांधकाम करण्याचा मोह वाढला. यात कुटुंबांचा दोष नाही. उत्पन्नाचे दुसरे साधन पडून गेले होते. पण कॉटेजात उतरलेल्या परदेशी माणसाची घरच्यांशी गाठ फक्त बिल देताना पडते.

कायद्याची बाजू यजमानाने हलकी घेऊ नये. पैसे घेतले किंवा न घेतले, तरी घरी परदेशी नागरिक उतरल्यापासून 24 तासांत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन कळवावी लागते. ही नोंद ‘फॉर्म सी’ या नावाने परिचित आहे. तिला आधी 1939 आणि 1946 च्या कायद्यांचा आधार होता. आता त्यांची जागा 2025 च्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याने घेतली आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या बाजूला हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते, तर उरण नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडते. पर्यटक व्हिसावर आलेल्याला मोबदल्याचे काम देता येत नाही. या किनाऱ्यावर पोलीस जास्त सावध असतात, त्याला कारणे आहेत. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरवली गेली होती, आणि ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला शस्त्रे असलेली बेवारस बोट सापडली. वेळेवर केलेली नोंद पाहुण्याला आणि यजमानाला नंतरच्या चौकशीच्या त्रासातून वाचवते.

मुक्कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. बाणकोट खाडीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, साधारण फेब्रुवारी-मार्चपासून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पाहायला येणारे लोक गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. श्रीवर्धनहून तिथे जाऊन येणारेही बरेच. मेमध्ये उकाडा आणि देशी पर्यटकांची गर्दी असल्याने घरे भरलेली असतात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद राहते आणि 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारीही थांबते. जो या दिवसांत येतो त्याला समुद्रावरचे काही दिसत नाही. त्याला भातलावणी, सुकी मासळी आणि रिकामपणामुळे भरपूर बोलणारे यजमान मात्र मिळतात. लांबचा मुक्काम करू इच्छिणाऱ्या पाहुण्याला जाणकार यजमान हेच महिने सुचवतात.