वाहन धुलाई केंद्र : बांधकामविषयक नियम (एरंडोल)

मोटारी, दुचाकी, ट्रॅक्टर धुण्याची व्यावसायिक जागा. बोलीत ‘वॉशिंग सेंटर’. एरंडोल (जि. जळगाव) राष्ट्रीय महामार्ग 53 (पूर्वीचा 6) वर आहे.

परवानगी : शहर हद्दीत नगरपरिषद हेच नियोजन प्राधिकरण. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 खाली अर्ज करावा लागतो. डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. धुलाई केंद्राचा विचार सहसा वाहनदुरुस्ती व सर्व्हिस स्टेशनच्या चौकटीत होतो.

महामार्गालगतची जागा : भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार मोकळ्या सपाट प्रदेशात रस्त्याच्या मध्यापासून इमारत रेषा 40 मी. व नियंत्रण रेषा 75 मी. पोचरस्त्याची परवानगी वेगळी.

सांडपाणी : बांधकामाचा खरा भाग जमिनीखाली असतो. शेड नाममात्र चालते; फरशी मात्र पाणी न मुरणारी व नालीकडे उताराची हवी. गाडी उभी करण्याच्या रॅम्पखालचे पाणी आधी गाळाच्या टाकीत जाते. खानदेशातल्या काळ्या मातीचे कण बारीक असल्याने ते सावकाश बसतात. म्हणून टाकी ऐसपैस ठेवून गाळ वेळोवेळी उपसावा लागतो. पुढच्या कप्प्यात तेल व ग्रीस पृष्ठभागी तरंगते आणि खालच्या बाजूने वाकड्या नळाद्वारे पाणी बाहेर पडते. शाम्पू जास्त झाल्यास तेलाचे थेंब पाण्यात मिसळून राहतात व कप्पा निकामी ठरतो. पावसाचे पाणी या टाक्यांत येऊ देऊ नये. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात निलंबित कण लिटरला 100 मिग्रॅ. व तेल-ग्रीस 10 मिग्रॅ. यांहून अधिक नसावेत.

पुनर्वापर : सर्व वाहन सर्व्हिसिंग गॅरेजांना नियमावलीने धुलाईच्या सांडपाण्याचा पुनर्वापर बंधनकारक केला आहे. 500 चौ. मी. वा अधिक भूखंडावरील नव्या बांधकामास पर्जन्यजल संधारण आवश्यक.

प्रदूषण संमती : जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974, कलम 25. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2016 च्या उद्योग-वर्गीकरणात वाहनांचे सर्व्हिसिंग, दुरुस्ती व रंगकाम ‘नारिंगी’ गटात होते. निव्वळ धुलाई त्यात धरावी का, हे त्यातील शब्दयोजनेतून स्पष्ट होत नव्हते.

विद्युत : पंप व काँप्रेसरला अर्थिंग आवश्यक.