नांदेड-लातूर परिसरातील रोगप्रतिमांचे यंत्रवाचन

लातुरात 1966 साली विवेकानंद रुग्णालय उभे राहिले आणि नांदेडला 1988 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परंतु वैद्यकीय प्रतिमा संगणकाकडून वाचून घेण्याची या भागातील परंपरा घडली ती 1981 साली स्थापन झालेल्या, विष्णुपुरी येथील श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत. नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात टिपलेल्या 516 दृष्टिपटल-प्रतिमांचा ‘इड्रिड’ हा संच तेथील संशोधकांनी 2018 मध्ये अभ्यासकांसाठी खुला केला. त्यातील 81 प्रतिमांवर मधुमेहजन्य विकृतींच्या सीमा काटेकोरपणे आखलेल्या होत्या, आणि अशा आखलेल्या उदाहरणांवरून संगणकाने स्वतः नियम शोधणे यालाच यंत्रशिक्षण म्हणतात.

प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथी, हिच्या कर्करोगाची जोखीम प्रतिमांवरून ठरवण्यामागेही हेच तत्त्व आहे. रक्तातील पीएसए हे प्रथिन साध्या ग्रंथिवाढीतही वाढत असल्याने केवळ त्यावर विसंबता येत नाही. म्हणून एमआरआय-प्रतिमेतील संशयित भागाला 1 ते 5 गुण देणारी ‘पाय-रॅड्स’ पद्धत युरोपीय तज्ज्ञांनी 2012 मध्ये मांडली, आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पाय-काय’ अभ्यासात यंत्रप्रणालीने 400 तपासण्यांवर 62 रेडिओलॉजिस्टांच्या सरासरीपेक्षा सरस कामगिरी केली. मात्र त्या अभ्यासातील प्रतिमा नेदरलँड्स व नॉर्वे येथील केंद्रांच्या असल्याने मराठवाड्यातील रुग्णांबाबत ती प्रणाली तितकीच विश्वासार्ह ठरेल असे गृहीत धरता येत नाही. इड्रिडसारखा स्थानिक, तज्ज्ञांनी पारखलेला प्रतिमासंच ही त्याची पूर्वअट आहे.