दैवाचं गाणं, मानाचं पत्र

मे महिन्यात मालवणपासून कुडाळपर्यंत कुठल्याही रस्त्यानं जा. कापणी झालेल्या मळ्यात, सड्यावर, नाहीतर थेट किनाऱ्यावर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा चाललेली असते. लाउडस्पीकरवर समालोचक मालवणीतून फलंदाजाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो, दोन षटकांच्या मधे गाणं वाजतं. बोलायचं काम समालोचकाचं, गायचं काम कॅसेटचं, आता पेनड्राइव्हचं. खेळणारा गप्प. 'खेळणाऱ्यान खेळूचा, बोलूचा कित्याक?' हा इथला रिवाज. संघ बहुतेक वाडीचे असतात, आणि कोकणात वाडीचं नाव सांगितलं की जात वेगळी सांगावी लागत नाही. हे प्रेक्षकांनाही ठाऊक असतं, खेळाडूंनाही. माईकवर ते कुणी काढत नाही, एवढंच.

जगात मात्र खेळाडू बोललेले आहेत. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. २०२०च्या जुलैत साउदॅम्प्टनला पाऊस पडत असताना मायकेल होल्डिंग वर्णद्वेषावर बोलला आणि समालोचनाच्या खोलीतला हा जुना वेगवान गोलंदाज सगळ्या क्रिकेटजगानं ऐकला. असं बोलणारा आपल्यात कोण? मराठी खेळाडूच्या तोंडून अन्यायाविरुद्धचा शब्द पहिल्यांदा कधी निघाला? हा माग उलटा, अलीकडून पलीकडे काढलेला बरा.

सर्वात जवळचा टप्पा जानेवारी २०२१चा, सिडनीचा. विराट कोहली मायदेशी परतलेला, कप्तान अजिंक्य रहाणे. बुमरा आणि सिराज यांना सीमारेषेजवळ प्रेक्षकांतून वर्णावरून शिव्या ऐकू आल्या. संघानं तक्रार केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा सिराज थेट पंचांकडे गेला. खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. पंचांनी भारतीयांना मैदान सोडण्याचा पर्याय दिला होता. रहाणेचं म्हणणं असं पडलं, की आम्ही खेळायला आलो आहोत, बाहेर जायचं तर शिव्या देणाऱ्यांनी जावं. आवाज न चढवता केलेलं हे बोलणं मला होल्डिंगच्या भाषणाइतकंच वजनदार वाटतं. मालिका जिंकून तो मुंबईला परतला तेव्हा शेजाऱ्यांनी कांगारूच्या आकृतीचा केक आणला होता. तो कापायला त्यानं नकार दिला. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, असं कारण दिलं. ज्याला मान मागायचा असतो त्याला तो द्यायचाही असतो, हे त्या माणसाला कळलेलं होतं.

त्याआधीचा टप्पा जानेवारी २००८चा, मैदान तेच. हरभजनसिंगनं अँड्र्यू सायमंड्सला वर्णावरून हिणवल्याचा ठपका सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी ठेवला, तीन कसोटींची बंदी घातली. पुढे अपिलात न्यायमूर्ती हॅन्सन यांनी ती उठवली. या वादात सर्वात मोठा आवाज होता सुनील गावसकरांचा. एका गोऱ्या माणसानं गोऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि सावळ्याचा शब्द नाकारला का, असा प्रश्न त्यांनी आपल्या स्तंभात विचारला. प्रकरण आयसीसीपर्यंत गेलं. स्तंभलेखन-समालोचन आणि क्रिकेट समितीचं अध्यक्षपद यांपैकी एक निवडायची वेळ आली, तेव्हा गावसकरांनी अध्यक्षपद सोडलं. लेखणी सोडली नाही. १९९० साली याच माणसानं लॉर्ड्सच्या मेरिलबोन क्लबचं मानद सदस्यत्व नाकारलं होतं, दारावरच्या कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वागणुकीचा राग म्हणून. बिशनसिंग बेदींना ते पटलं नव्हतं. मला पटतं. आणि जानेवारी १९९३मध्ये, मुंबई पेटलेली असताना, इमारतीखाली एका कुटुंबाला घेरलेल्या जमावासमोर हेच गावसकर जाऊन उभे राहिले आणि त्या कुटुंबाला सुखरूप जाऊ द्यायला लावलं, असं त्यांचा मुलगा रोहन यानं सांगितलं आहे. तिथं स्तंभ नव्हता, कॅमेरा नव्हता.

पण सिडनीच्या आधी तीनच महिने काय झालं होतं, तेही याच पानावर लिहायला हवं. ऑक्टोबर २००७मध्ये आधी वडोदऱ्याला आणि मग आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी त्याच सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखवले. वानखेडेवरून काही जणांना पोलिसांनी उचललं. त्या प्रेक्षकांत आपलेच लोक होते. परक्या देशात रंगावरून झालेला अपमान आपल्याला चटकन कळतो. आपल्या स्टँडमधला कळायला वेळ लागतो.

आता गाण्याकडे वळू, कारण गाण्याचा रस्ता थेट सिंधुदुर्गातून जातो. कसोटीत दहा हजार धावांपर्यंत पहिल्यांदा पोचलेल्या गावसकरांनी मराठीत एक गाणंही गायलं आहे. आयुष्याला क्रिकेटची उपमा देणाऱ्या त्या गाण्याचे शब्द शांताराम नांदगावकरांचे, कणकवली तालुक्यातल्या नांदगावचे. गळा काही अभिषेकीबुवांचा नव्हे, पण गाणं घराघरात पोचलं. त्याच शिवाजी पार्क-दादरच्या जगात पद्माकर शिवलकर होते. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. बेदींच्या काळात जन्मलेला डावखुरा फिरकीपटू. कसोटीची टोपी कधी मिळाली नाही. तेही गात. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'हा चेंडू दैवगतीचा'. मालवणात जन्मलेले रमाकांत आचरेकर याच पार्कात पोरांना घडवत होते, आणि आचरेकर सर तर बोलण्याच्या बाबतीत आणखीच काटकसरी.

या सगळ्या गाण्यात एक गोष्ट सारखी आहे. आयुष्यात जे हुकलं ते नशिबानं. निवड झाली नाही, झेल सुटला, चेंडू वळला नाही. सगळं दैवाच्या खात्यावर. शिवलकरांच्या बाबतीत ते खरंही असेल, बेदीच्या काळात जन्मणं हे नशीबच. आणि त्या माणसानं कडवटपणा न ठेवता ते गायलं, हा मोठेपणा. पण खेळाडूच्या मराठी गाण्यानं कधी कुणाला जबाबदार धरलं नाही. ते काम दुसऱ्या फडात चाललं होतं. सत्यशोधक जलशांनी भटशाहीला प्रश्न विचारले, १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले, पुढे वामनदादा आले. आमच्या डबलबारी भजनातला बुवाही समोरच्या बुवाला भर मंडपात, गजरातून, चालीवर सवाल टाकतो. प्रश्न विचारणारं गाणं आपल्याकडे भरपूर होतं. मैदानावर ते आलं नाही.

वेस्ट इंडिजमध्ये आलं. त्रिनिदादच्या कॅलिप्सोचं मूळ गुलामांच्या गाण्यात. मालकाची टिंगल, सरकारवर टीका हा त्याचा धर्म, म्हणून तर १९३०च्या दशकात ब्रिटिश सरकारनं त्याला कायद्यानं चाप लावला. १९५० साली लॉर्ड्सवर इंग्लंड हरलं तेव्हा लॉर्ड बिगिनरनं त्या विजयावर कॅलिप्सो रचला. १९७१ साली लॉर्ड रिलेटरनं एका एकवीस वर्षांच्या मराठी मुलावर रचला, कारण त्या मुलानं पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या होत्या. प्रतिस्पर्ध्यावर असं दिलखुलास गाणं रचणाऱ्यांना खेळाचं राजकारण कळत नव्हतं, असं नाही. तेच त्यांना सर्वात जास्त कळत होतं. वेस्ट इंडिजचा कप्तान गोराच असायचा, हा अलिखित नियम मोडायला १९६० उजाडावं लागलं. जॉर्ज हेडलीला १९४८ साली एका कसोटीपुरतं नेतृत्व मिळालं होतं तेवढंच. सी. एल. आर. जेम्स या लेखकानं वर्तमानपत्रातून रान उठवलं आणि फ्रँक वॉरेल ऑस्ट्रेलियाला कप्तान म्हणून गेला. संघाचं नेतृत्व कुणाकडे, हा त्यांच्या स्वातंत्र्याचाच प्रश्न होता.

आपल्याकडे दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत खेळाडूंना तोंड उघडावं लागलं नाही, सरकारच आधी बोललं होतं. १९७४ साली डेव्हिस चषकाची अंतिम लढत भारतानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध न खेळता सोडून दिली, अमृतराज बंधू ऐन भरात असताना. दूरच्या वर्णभेदाबद्दल देशाचं एकमत होतं. घरातल्या भेदाबद्दल कधीच नव्हतं.

वॉरेलच्या सदतीस वर्षं आधी, १९२३ साली, मुंबईच्या जमातवार संघांच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचं नेतृत्व विठ्ठल पालवणकरकडे आलं. जातीनं चांभार, आडनावाचं गाव कोकणातलं पालवण. त्याच्या संघानं युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. आपल्या इतिहासातली ही वॉरेलची जागा आहे. वॉरेलला जेम्ससारखा लेखक भेटला. विठ्ठलनं स्वतःच लिहिलं, मराठीत: 'माझे क्रीडा-जीवन', १९४८.

त्या कप्तानपदापर्यंतची वाट त्याच्या थोरल्या भावानं, बाळूनं, चेंडू टाकून टाकून मळली होती. वडील लष्करात, पोरं पुण्यात वाढलेली. बाळूची पहिली नोकरी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याची आणि रूळ फिरवण्याची, महिना तीन रुपये. मग पूना क्लबात चार. तिथं जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला तासन् तास सराव द्यायचा; बाद केलं की आठ आणे, अशी गोष्ट सांगतात. बॅट मात्र हातात नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतलं, गोऱ्यांना हरवायचं तर दुसरा इलाजच नव्हता. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी बाकीचे मंडपात, बाळू बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १८९६च्या प्लेगनंतर तो मुंबईला आला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात तो होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. परतल्यावर झालेल्या सत्कारात तरुण आंबेडकरांचा हात होता, मानपत्र त्यांनीच लिहिल्याचं सांगतात. एवढं होऊनही कप्तानपद नाही. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै सारस्वत. हा मान माझ्या मित्राचा, बाळूचा होता, असं त्यांनी जाहीर सत्कारात बोलून दाखवलं. ते काही थोडं नव्हे.

पुढे हे बाळू राजकारणात गेले आणि गणित सोपं राहिलं नाही. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभं केलं: आंबेडकर १३,२४५, पालवणकर ११,२२५. एकेकाळी ज्याच्या सत्कारासाठी तरुण आंबेडकर झटले त्याच्याशीच लढत. यात कोण चूक, कोण बरोबर, हे एका वाक्यात मिटवणारे लोक मला आवडत नाहीत. मैदानात मिळालेल्या मानावर बाळूंचा विश्वास बसला होता. तो मान किती पुरतो, याचा हिशेब आंबेडकरांनी वेगळा मांडला होता.

आणि हा माग जिथं पोचतो ती तारीख १९२०ची. हिंदू संघ निवडताना पै आजारी होते. नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेलं, ते पालवणकर भावंडांहून कनिष्ठ होते, आणि ब्राह्मण होते. बाळूला तर संघातूनच वगळलं. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघात होते. त्यांनी खेळायला नकार दिला. नुसता नकार देऊन ते घरी बसले नाहीत, निवेदन छापायला दिलं: खेळ न पाहता जात पाहून कप्तान ठरवला जातो, आणि हे आमच्या स्वाभिमानाला मानवणारं नाही. त्या वेळच्या मुंबईत, जिमखान्याच्या कृपेवर खेळणाऱ्या दोन चांभार पोरांनी हे लिहिलं. स्मिथ आणि कार्लोस यांच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता नष्ट करण्याचा ठराव झाला, पण हे दोघे ठरावाची वाट पाहत थांबले नव्हते.

या पत्राचा वंश पुढे चालला का? रहाणे, गावसकर यांचा शब्द त्याच जातकुळीचा, पण तो गोऱ्याच्या दिशेनं रोखलेला. आपल्याच निवड समितीला, आपल्याच जिमखान्याला, जातीच्या कारणावरून संघाबाहेर बसून विचारलेला जाब मराठी क्रिकेटमध्ये मला तरी दुसरा दिसत नाही. गाण्यातून तो आला असता. गाणी दैवाची निघाली.

पत्राचा परिणाम मात्र लगेच झाला. अंतिम सामना पारशांशी होता. पै बरे होऊन परतले, बाळूला परत घेतलं, उपकर्णधार केलं, दोघे भाऊही आले. सामना चालू असताना पै मधेच मैदान सोडून बराच वेळ बाहेर राहिले. तेवढ्या वेळात क्षेत्ररक्षण लावलं, गोलंदाज बदलले ते बाळूनं. कप्तान म्हणून नाव पैंचंच राहिलं.